मोठ्या शुक्रवारची पिटा

आमच्या मजल्यावर दोनच दारं. एक माझं, एक रादोयेचं. मधली भिंत इतकी पातळ, की त्याच्याकडे कुणी शिंकलं तर मी इकडून 'देव बरं करो' म्हणते आणि तिकडून 'आभारी आहे' ऐकू येतं. त्यामुळे नेदा स्वयंपाक कशी शिकली हे मला कुणी सांगायला लागलं नाही. ते सगळं मी ऐकलंय, आणि ऐकण्याआधी हुंगलंय.

रादोये बस चालवतो. नोवी सादहून निघायचं, डॅन्यूबचा पूल ओलांडायचा, डोंगर चढून इरिगला जायचं आणि परत यायचं. नेदा त्याची एकुलती एक लेक, कॉलेजात वाहतूक इंजिनिअरिंग शिकते. बाप बस चालवतो आणि लेक ती कुठे थांबावी ते शिकते, अशी आम्ही त्यांची चेष्टा करायचो. आई मिलेवा गेली तेव्हा पोरगी शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. मिलेवाच्या हाताला फार चव. ती गेली आणि त्या घरातली चूल थंड पडली. रादोयेला दोनच पदार्थ येत होते, तळलेलं सॉसेज आणि जळलेलं सॉसेज.

त्यात कॉलेजच्या पहिल्याच वर्षी पोरीनं मांस सोडलं. यामागे काही करुण कहाणी असेल असं समजू नका. डुक्कर कापताना पाहून तिला चक्कर आली नाही की ती कुठल्या साधूच्या नादी लागली नाही. एके दिवशी तिनं ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "नको वाटतं." रादोये माझ्याकडे येऊन डोकं धरून बसला.

"देसाताई, 'नको वाटतं' हे काय कारण झालं? मलाही रोज सकाळी बस नको वाटते. चालवतोच ना?"

"तू बस खात नाहीस," मी म्हटलं.

आम्हा सर्ब लोकांत मांस न खाणारा माणूस म्हणजे एकतर आजारी, नाहीतर उपासाला बसलेला. नात्यातल्या प्रत्येकानं तिला सल्ला देऊन पाहिला. "अगं, कोंबडी म्हणजे काय मांस झालं?" असं आत्या म्हणाली. काका म्हणाला, "बारा महिने उपास करतेस, पाप तरी एवढं कोणतं केलंस, आम्हाला सांग, आम्हीही करून बघू." नेदा हसायची आणि बटाटे वाढून घ्यायची. दिसायला काडी, पण हट्टाला बापावर गेलेली.

उपाशी मरायचं नसेल तर रांधायला शिकणं भाग होतं. सुरुवात फोनवरचे व्हिडिओ बघून झाली. प्रेशर कुकर घाईनं उघडला आणि घेवडा छताला जाऊन चिकटला, तो डाग अजून तिथेच आहे. पहिला पाव इतका कडक झाला की रादोये डेपोत सांगत सुटला, "घाटात बस उभी केली की चाकामागे लावायला बरा आहे." मग ती माझ्याकडे आली. मी तिला पिटा शिकवली. मैद्याचं पीठ मळायचं, तेल लावून झाकून ठेवायचं, मग जरा लाटून, टेबलावर चादर अंथरून दोन्ही मुठींच्या पाठीवर घेत ते चहूकडून ताणायचं. इतकं ताणायचं की खालच्या चादरीवरची फुलं दिसली पाहिजेत. त्यावर सारण पसरून गुंडाळी करायची, ती ट्रेमध्ये गोल वळवायची आणि ओव्हनमध्ये सारायची. पोरीनं किती पिठं फाडली त्याला गणती नाही. पण एके दिवशी फुलं दिसली. तिनं मला मिठीच मारली, पिठाच्या हातांनी, माझ्या काळ्या झग्याला.

तिचं दुखणं निराळंच होतं. रादोये तिच्या हातचं खातच नव्हता. म्हणजे एक घास घ्यायचा, "छान झालंय हं," म्हणायचा, आणि ती कॉलेजला गेली की भिंतीतून सॉसेज तळल्याचा वास यायचा. मला यायचा तसा तिलाही परत आल्यावर यायचाच की. ती कधी बोलली नाही. एकदाच माझ्या स्वयंपाकघरात कणीक मळता मळता म्हणाली, "काकू, मला बाकी काही नको. एकदा तरी त्यांनी 'अजून आहे का' असं विचारावं."

म्हणून ती मोठ्या शुक्रवारची वाट बघत होती. ईस्टरच्या आधीचा, ख्रिस्ताला क्रुसावर दिलं तो हा शुक्रवार. त्या दिवशी रादोयेसारखा माणूससुद्धा, जो चर्चमध्ये फक्त लग्नाला आणि मयताला जातो, तोही मांस, अंडं, दूध यांना शिवत नाही. वर्षात एक दिवस असा, की बापाला लेकीचंच जेवण जेवावं लागणार. सॉसेजला सुट्टी.

आदल्या दिवशी ती मैत्रिणींबरोबर डोंगरावर जाऊन रानलसूण घेऊन आली. एप्रिलमध्ये आमचा आख्खा डोंगर या पाल्याच्या वासानं भरलेला असतो. झाडाखाली हिरवा गालिचा, लांबट रुंद पानं, चुरगाळली की लसणाचा वास. शहरातले सगळे पिशव्या घेऊन जातात. ओळखायचा कसा, तर वास घ्यायचा, हे शेंबडं पोरसुद्धा सांगतं.

शुक्रवारी सकाळी मला पलीकडून पीठ आपटल्याचा आवाज आला आणि मी भिंतीवर थाप मारली. "अगं, आज पीठ मळू नये! माझी आई म्हणायची, आज मळलेलं पीठ घराला लागतं."

"तुमच्या आईला सांगा, बाबांना दुपारची ड्युटी आहे!" तिकडून उत्तर आलं. मी हसले. कशाला हसले, असं नंतर वाटत राहिलं.

दुपारी खुर्ची सरकली. काटे-चमचे वाजले.  आणि मग भिंतीतून रादोयेचा आवाज आला, जरा घोगरा, तोंड भरलेलं असताना येतो तसा:

"अजून आहे का?"

मी इकडे ईस्टरची अंडी लाल व्हावीत म्हणून कांद्याच्या सालींत उकळत उभी होते. झारा हातात तसाच राहिला. मी आपला छातीवर क्रूस काढला. म्हटलं, मिलेवा, ऐकलंस का गं.

थोड्या वेळानं नेदा मला बशी द्यायला आली. गाल लाल, केसांत पीठ. "काकू, तीनदा वाढून घेतली! उरलेली डब्यात भरून नेली. म्हणे, परतीच्या फेरीआधी खातो!" मी बशी घेतली, फडक्यानं झाकून खिडकीत ठेवली. मी त्या दिवशी संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत पाण्यावर असते. नाहीतर गरम पिटा समोर आल्यावर मी थांबणारी बाई नाही.

मोठ्या शुक्रवारी आमच्याकडे घंटा वाजत नाहीत. देव मेलेला असतो. घंटेऐवजी लाकडी फळीवर हातोडी मारतात, टक टक टक, कुणी शवपेटीला खिळे ठोकत असल्यासारखं. ती फळी वाजायला लागली होती आणि तेवढ्यात माझं दार वाजलं.

दारात नेदा. मघाचे लाल गाल कुठे गेले होते कोण जाणे. तिच्या हातात एक हिरवं पान होतं.

"काकू, याचा वास घ्या."

मी घेतला. "कसला वास? नुसतं गवत आहे."

"चुरगाळून घ्या."

चुरगाळलं. पुन्हा गवतच.  मी तिला ओढतच तिच्या स्वयंपाकघरात नेलं. उरलेला पाला ओल्या फडक्यात बांधून ठेवलेला होता. तो तिनं टेबलावर ओतला. भांडी घासून, लिंबानं हात चोळून झाल्यावर ती पाला निवडायला बसली होती, उद्याच्या चटणीसाठी. आणि एका पानाला वासच येईना. काल डोंगरावर प्रत्येक पानाला वास येत होता. येणारच. तास दोन तास रानलसूण खुडल्यावर बोटांनाच इतका वास लागतो की दगड हुंगला तरी लसूण वाटेल.

मी खेड्यात वाढलेली बाई. रानलसणाचं प्रत्येक पान स्वतःच्या बारीक देठावर एकटं उभं असतं. टेबलावर त्या पाल्यात एक जुडगा होता, तीन पानं, एकाच आवरणातून वर आलेली, जाड, दोन्ही बाजूंनी तुकतुकीत. याला शरदात जांभळी फुलं येतात, नाजूक, देखणी. वसंतात नुसती पानं. आमच्याकडे याला म्राझोवात्स म्हणतात. गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत.

"हे कुठे खुडलंस?"

"ओढ्याकडेला. तिथे दाट होतं." तिनं फोन माझ्यापुढे धरला. "काकू, विषारी आहे ना? फोनवर बघितलं मी. औषध नाही म्हणे यावर."

मला आमच्या गावातलं एक जोडपं आठवलं होतं. माझ्या लहानपणी दोघांनी याची भाजी खाल्ली. या विषाचा वाईटपणा असा की आधी काहीच होत नाही. माणूस हसतो, बोलतो, बस चालवतो. काही तासांनी पोट धरतो. मग जरा बरा होतो, घरचे म्हणतात, वाचला. आणि मग एकेक करून आतलं सगळं बंद पडत जातं. त्या दोघांची तिरडी एकाच दिवशी उठली होती.

"किती गेली असतील पिटात?"

"माहीत नाही," ती म्हणाली. आणि मग जोरात, "मला माहीत नाही काकू, मी मूठमूठ भरून टाकत होते!"

तिनं बापाला फोन लावला. वाजत राहिला. रादोये गाडी चालवताना फोन कोटात ठेवतो आणि कोट सीटमागे टांगतो, नियमाचा पक्का. डेपोत लावला, तिथल्या माणसानं सांगितलं, "इरिगहून सुटला तो, आता पुलाकडे येईल." म्हणजे डबा उघडला असणार. परतीच्या फेरीआधी खातो, म्हणाला होता.

माझी पाचावर धारण बसली होती, पण पोरीसमोर दाखवून चालणार नव्हतं. मी ती बशी फडक्यासकट पिशवीत घातली, पानांचा जुडगा रुमालात बांधला आणि पायांत मिळाले ते जोडे सरकवले. एक लाल अंडं का कोण जाणे तेही उचललं. सगळ्यांत आधी रंगवलेलं अंडं आम्ही वर्षभर देवाच्या तसबिरीपाशी ठेवतो, घर राखायला. खाली टॅक्सी मिळाली. टॅक्सीत बसल्यावर मला सुचलं ते आधी सुचायला हवं होतं.

"नेदा, तू किती खाल्लीस?"

ती खिडकीतून बघत होती. "मी? एक तुकडा. छोटा. बाबांना पुरावी म्हणून."

मी तिचा हात धरला.  माझ्या डोक्यात त्या दोन तिरड्या एकामागून एक चालल्या होत्या.

पुलानंतरच्या थांब्यावर आम्ही उभ्या राहिलो. ऊन होतं, लोक ईस्टरच्या पिशव्या घेऊन चालले होते, मुळ्याच्या जुड्या, हिरवा कांदा, केक. मला त्या सगळ्यांचा राग आला. पुलावरून एक बस आली, दुसऱ्या मार्गाची. मग आणखी एक, तीही दुसरीच. नेदा रस्त्यावर इतकी पुढे जायची की मी तिला दोनदा कॉलरला धरून मागे ओढलं. ती सारखी पुटपुटत होती, "घाटात काही झालं असेल. गाडी चालवताना काही झालं असेल." मी म्हटलं, "तोंड आवर." मीही तेच म्हणत होते, मनात.

मग त्याची बस आली. काचेमागे रादोये, मिशा, टोपी, सगळं जागच्या जागी. आम्हाला पाहून तो हसला. पुढचं दार उघडलं.

"काय हो देसाताई, प्रार्थनेला निघालात का? माझ्या लेकीला पण देवाधर्माला लावताय की काय!"

नेदा पायरीवर चढली आणि तिथेच उभी राहिली. "बाबा, डबा कुठाय?"

"का?"

"पिटा खाल्लीत का? डब्यातली?"

"काय झालं?"

"पाल्यात विषारी पानं होती." हे ती इतक्या हळू म्हणाली की मलाच ऐकू आलं असेल असं वाटलं. पण बस एकदम गप्प झाली. "मी ओळखली नाहीत. बाबा, सांगा ना. किती खाल्ली?"

रादोये तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मी त्याला वर्षानुवर्षं ओळखते. त्याच्या डोळ्यांत भीती आली ती मी पाहिली, आणि त्यानं ती तिथल्या तिथे गिळली तेही पाहिलं. तो मोठ्यानं हसला.

"हात्तिच्या! एवढंच ना? अगं, कुत्र्याला दिली मी ती. डेपोतल्या कुत्र्याला. आणि दुपारी तरी काय, तू ओट्याकडे वळलीस की रुमालात टाकत होतो. तुला माहीतच आहे, तुझा तो चारा माझ्या घशाखाली उतरत नाही. जा घरी. काही झालेलं नाही."

नेदाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटलं ते मला विसरता येत नाही. जीव भांड्यात पडला होता, आणि त्याच वेळी कुणीतरी तोंडात मारल्यासारखंही झालं होतं. ती पायरीच्या दांडीला धरून रडायला लागली. मलाही क्षणभर वाटलं, सुटलो. उतरून त्या पोरीला घरी न्यावं.

पण रादोये बोलला तेव्हा मी त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभी होते. सकाळपासून पोटात पाण्याखेरीज काही नाही, नाक चाकूसारखं तीक्ष्ण झालेलं. त्याच्या तोंडातून रानलसणाचा असा भपकारा आला की मला मागे सरावं लागलं.

"रादोये, आ कर," मी म्हटलं.

"काय?"

"तोंड उघड, खोटारड्या."

त्यानं ओठ मिटले. पहिल्याच बाकावर एक म्हातारी बसली होती, मांडीवर टोपली, तोंडाचं बोळकं. ती म्हणाली, "उघडायला कशाला पाहिजे? इरिगपासून लसणानं घमघमतेय ही बस. म्हटलं, बरंय, सैतान तरी चढायचा नाही." आणि मग टोपलीवर हात आपटत, "कुत्र्याला दिली म्हणे! माझ्या डोळ्यांदेखत डबा चाटूनपुसून खाल्ला या बाबानं."

 रादोयेनं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

"पोरीला कशाला सांगायचं, देसाताई," तो खाली बघत म्हणाला. "उद्यापासून ती चुलीपाशी उभी राहायची नाही."

"तू मेलास तर उभी राहील का?" मी ओरडले. देव मेलेला होता त्या दिवशी, ओरडू नये, पण मी ओरडले.

पुढचाच थांबा हॉस्पिटलचा. त्यानं दार लावलं, बस तिथपर्यंत स्वतःच नेली, डेपोला फोन करून सांगितलं, "दुसरा माणूस पाठवा, प्रवाशांना घरी जायचंय." तेवढ्या रस्त्यात मी त्याच्या मानेवरचा घाम बघत होते आणि पुटपुटत होते, आता नको, आता नको. गाडी थांबली. तो उठायला गेला आणि पोट धरून खाली बसला.

डॉक्टरीणबाईंनी माझी बशी घेतली, पिटाचे पापुद्रे चिमट्यानं उलगडले. रानलसणाबरोबर त्यात ते दुसरंही शिजलं होतं. बाप-लेक दोघांनाही कोळशाचं काळं पाणी पाजलं, सलाइन लावलं. नेदाचं पोट रात्रभर बिघडलं, पण तेवढ्यावर निभावलं. छोटा तुकडा होता. रादोयेचं तसं नव्हतं. शनिवारी तो जरा बरा दिसायला लागला, नर्सची चेष्टा केली, तेव्हा मला जास्तच भीती वाटली. मला ठाऊक होतं ते. ईस्टरच्या सकाळी गावभर घंटा वाजत होत्या, लोक एकमेकांना 'ख्रिस्त उठला' म्हणून अंडी फोडत होते, आणि त्याला खाटेसकट अतिदक्षता विभागात नेत होते.

नेदा हाताला लावलेली सलाइनची सुई सांभाळत कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी होती. तिला बस म्हटलं तरी बसेना.

"काकू," ती म्हणाली, "'अजून आहे का' विचारलं हो त्यांनी. आणि मी वाढलं."

 मी पिशवीतून ते लाल अंडं काढून तिच्या हातात दिलं. माझं घर राखायचं ते अंडं. माझ्या घरात राखण्यासारखं काय होतं? दोन कपाटं आणि मी. ते तिनं मुठीत असं धरलं होतं की फुटेल असं मला वाटत होतं. किती तरी दिवस तिच्या खिशात होतं ते, फुटलं नाही.

रादोये वाचला. सरळ सांगते, मला वाटलं नव्हतं. घरी आला तेव्हा अर्धा झाला होता आणि नंतर त्याचे केस गळायला लागले, ते विष असंच करतं. डोक्यावरचे गेले, भुवया गेल्या, मिशासुद्धा. आरशात बघून म्हणाला, "ईस्टरला कोंबडी सोलतात तशी सोललीय मला माझ्या शाकाहारी लेकीनं." नेदा खोलीतून उठून गेली. त्यानंतर त्यानं तो विनोद पुन्हा केला नाही.

ती चुलीपाशी उभी राहीना, हे त्याचं खरं ठरलं. लाटणं कपाटावर गेलं. दोघं बेकरीतून आणलेलं खात. तिचा अभ्यास मागे पडला. रात्री पलीकडून तिची पावलं ऐकू यायची, बापाच्या दारापर्यंत जायची, थांबायची, तो घोरतोय ना हे ऐकून परत यायची. मी पण इकडे जागी असायचे, तिच्याबरोबर ऐकत.

शेवटी रादोयेच एका रविवारी टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "मला भूक लागलीय. बेकरीतलं नको. घरातलं पाहिजे." तिनं बटाटे उकडले. नुसते बटाटे, बाजारातले. आणि त्याला हात लावू दिला नाही. आधी स्वतः खाल्ले आणि खुर्चीवर बसून राहिली, पोटावर हात ठेवून, दुपार उलटेपर्यंत. काही झालं नाही, तेव्हा त्याला वाढले. त्या दिवसापासून तो रिवाजच पडला. ती पुन्हा रांधायला लागली, पाव फुगायला लागले, घेवडा कुकरमध्येच राहायला लागला, पण प्रत्येक पदार्थ आधी तिच्या पोटात आणि तासन् तास वाट बघितल्यावर बापाच्या ताटात. मी समजावलं, डॉक्टरीणबाईंनी समजावलं. उपयोग शून्य. रादोये वर्षभर गार जेवला. गार सूप, गार पिटा. सॉसेज तळल्याचा वास त्या भिंतीतून पुन्हा कधी आला नाही. 

पुढच्या वर्षी मोठा शुक्रवार आला. केस परत आले होते त्याचे, पांढरे आणि जरा कुरळे. सकाळी तो घरातून नाहीसा झाला आणि डोंगरावरून रानलसणाची जुडी घेऊन आला. त्यानं ती टेबलावर ठेवली तेव्हा मी तिथेच होते. नेदा भिंतीपर्यंत मागे सरली.

"बाबा, ते फेका."

"इकडे ये. बस. देसाताई, तुम्हीही बसा. एकेक पान बघायचं, एकेक देठ. हात धुऊन."

आम्ही तिघं बसलो. एक पान तो उचलायचा, माझ्याकडे द्यायचा, मी देठ बघून तिच्याकडे द्यायचे.  प्रत्येक पान स्वतःच्या देठावर एकटं होतं. सगळी जुडी संपली तेव्हा बाहेर लाकडी फळी वाजायला लागली, आणि तिनं कपाटावरून लाटणं काढलं.

पिटा ओव्हनमधून बाहेर आली. तिनं एक तुकडा कापला, फुंकर घालून खाल्ला, आणि ट्रेवर फडकं टाकून पोटावर हात ठेवून बसली. आता दिवेलागणीपर्यंत असंच, मला वाटलं.

रादोयेनं फडकं बाजूला केलं आणि गरम तुकडा उचलला.

"बाबा, नाही!" तिनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. इतकं घट्ट, की तिची नखं त्याच्या कातडीत रुतलेली मला दिसली. "थांबा. मला काही होत नाही तोवर थांबा."

तो थांबला नाही. तिच्या हातांसकट हात तोंडाकडे नेला आणि चावा घेतला. तोंड भाजलं, डोळ्यांत पाणी आलं, हा-हू करत चावत राहिला. मग म्हणाला:

"तो कुत्रा होता ना गं डेपोतला, गेल्या वर्षी. खरंच होता. समोर बसून शेपटी हलवत होता, मागत होता बिचारा. एक तुकडा दिला नाही मी त्याला." त्यानं पुन्हा चावा घेतला. "कुत्र्याला द्यावी अशी नव्हतीच ती."

नेदा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं मनगट सोडलं. त्यावर नखांच्या खुणा होत्या.

माझा उपास संध्याकाळपर्यंत होता. मी बशी पुढे केली.